थोरल्या मुलीचं पाणी

हिल्सबरो, कॅरिआकू
मंगळवार, १० मार्च १९९८

प्रिय दादा,

तुला आणि इस्मेवहिनीला नमस्कार. हे चार शब्द हाती पडतील तेव्हा दोघंही धडधाकट असाल अशी आशा आहे. मीही बरी आहे, गुडघे सोडून.

पाकिटावर इंग्लंडचं तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. मी बेटावर आहे. शनिवारच्या बोटीने आले. तुझ्या दारापासून चालत वीस मिनिटांवर, समुद्राकडच्या लॉजमध्ये, चार नंबरच्या खोलीत. हे पत्र मिस ईना आणून देईल. ती इथे स्वयंपाक करते आणि तुझ्याच रस्त्याने घरी जाते. वेल्टन क्वाशीला ही प्रवासी बाई कशाला पत्र लिहिते, असं ती विचारणार नाही अशी माझी समजूत होती, पण तिने विचारलं. मी म्हटलं, त्याची बस ठरवायची आहे. तू तिला तेच सांग.

रागावू नकोस. रागवायचंच असेल तर सगळं वाचून झाल्यावर.

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं होतं. आईच्या कबरीचा दगड घडवून आला, तिच्याच पलंगावर पांढऱ्या चादरीखाली ठेवलाय, चौदा मार्चला बसवायचा, पहिलं पाणी थोरल्या मुलीनेच घालायचं असतं, तेव्हा ये. मी उत्तर दिलं नाही. येते म्हणून लिहिलं असतं तर आले नसते, मला मी चांगली ओळखते. म्हणून काही न लिहिता आले.

आता तू म्हणशील, सख्ख्या भावाचं घर असताना ही लॉजमध्ये काय करतेय. सहल करतेय. मोठी हॅट, काळा चष्मा, रजिस्टरात शेजारणीचं नाव: मिसेस हॉलरॉइड. बावीस वर्षांत मी एवढी फुगलेय की कोणी ओळखत नाही, आणि तोंड उघडलं की यॉर्कशरचं इंग्रजीच बाहेर पडतं. सगळ्यात अवघड काय जातं सांगू? रस्त्यात कोणाला 'गुड मॉर्निंग' न म्हणणं. प्रवासी म्हणत नाहीत, सरळ चालत राहतात. काल बाजारात टँटी ॲग्नेस तुरीच्या शेंगा विकत बसली होती. माझी धर्ममाता, जिने मला चर्चमध्ये उचलून धरलं होतं. मी तिच्यासमोरून एक शब्द न बोलता गेले. मागून तिचा आवाज आला, "आपल्यासारखीच काळी आहे, पण वळण बघा. घरी कोणी शिकवलंच नाही वाटतं." मी सरळ चालत राहिले.

सोमवारी बसने बेटाची सहल केली. आज परत तीच केली. बसच्या कपाळावर 'मिस अल्विना' असं आईचं नाव रंगवलंय, हे तू मला कधी कळवलं नाहीस. मी एक पाय पायरीवर ठेवून तशीच उभी, आणि मागचा जर्मन माझ्यावर आदळला.

बस चालवणारी मुलगी हुशार आहे. जर्मनांना म्हणाली, "आमची रम इतकी कडक की तिच्यात बर्फही बुडतो. तुम्हीही बुडाल, तेव्हा आधी पोटात काहीतरी घाला." इंग्रज बाईने विचारलं, इथे वाहतुकीचे सिग्नल नाहीत का? तर म्हणाली, "आहेत ना मॅडम, बकऱ्या. बकरी उभी असली की थांबायचं." सगळे हसले. मीही हसले, दोन्ही दिवशी, त्याच जागी. वळणावर ती हॉर्न वाजवत नाही, तेवढं तिला सांग. उन्हात डोक्याला काही बांधतही नाही. आणि बोलताना मान अशी वाकडी करते की मला खिडकीबाहेर बघावं लागतं.

उद्याही मी तीच सहल घेतलीय. तीच कालवं, त्याच होड्या, तोच डोंगर, तेच हॉस्पिटल. काय करू, खोलीत बसवत नाही.

तू लॉजवर येऊ नकोस आणि घरात कोणाला सांगू नकोस. कोणाला, ते तुला कळतं.

तुझी,
लीन


गुरुवार, १२ मार्च

दादा,

मिस ईनाने तुझी चिठ्ठी ताटाखाली सरकवून दिली. 'घरी ये. इस्मेने खाट घातलीय. पोरीला मी बोललो नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही.' आईही अशीच लिहायची, तीन ओळी आणि वर काही नाही. चिठ्ठी मी सकाळपासून पाच-सहा वेळा वाचली. कपाट आवरलं, पुन्हा उपसलं, पुन्हा आवरलं. किनाऱ्यावर गेले आणि चप्पल न काढताच परत आले.

काल माझ्या हातून घोटाळा झाला. तोच सांगायला लिहितेय.

दुपारी बस विंडवर्डला थांबली. होड्या बांधतात तिथल्या दारूच्या दुकानात सगळ्यांना छोट्या पेल्यात रम दिली, बाजूला पाण्याचा पेला. ऊन डोक्यात गेलं होतं, मन भलतीकडेच होतं. मी पेला उचलला, दोन थेंब जमिनीवर सांडले, मग तोंडाला लावला. पाण्याचंही तसंच केलं, आधी जमिनीला, मग मला. बावीस वर्षं हडर्सफील्डच्या फरशीवर मी हे कधी केलं नाही. इथे हाताने आपलं आपण केलं. गेलेल्यांना दिल्याशिवाय आपण पीत नाही, हे त्या हाताला कोणी सांगायला लागलं नाही.

इंग्रजांच्या काही लक्षात आलं नाही. बस चालवणारी मात्र दाराच्या चौकटीला टेकून शेंगदाणे खात होती. तिचा हात थांबला.

"सांडलं का, मॅडम?"

"हो गं. हात थरथरतो माझा."

"रमलाही थरथरला आणि पाण्यालाही?"

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. परत येताना तिने बाकीच्यांना उतरवलं आणि मला म्हणाली, "पुढे येऊन बसा. मागे धक्के बसतात." मी बसले. आईच्या नावाच्या बसमध्ये, तिच्या शेजारी, एक वीत अंतरावर. माझ्या मांडीवर पिशवी होती, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"शनिवारी आमच्या आजीचा दगड बसतोय," ती म्हणाली. "पाहुण्यांना मनाई नसते. जेवण आहे, ढोल आहेत. या."

"बघते."

"इंग्लंडात कुठे असता तुम्ही?"

"लीड्स."

"माझी आई हडर्सफील्डला असते. जवळ आहे का?"

"नाही, बरंच लांब."

"नकाशात तर बोटभर दिसतं." मग म्हणाली, "पप्पा सहा वर्षं दगडासाठी थांबलेत. का माहितीये? पहिलं पाणी थोरल्या मुलीने घालायचं असतं म्हणून. मी म्हटलं, आजीला शेवटी मी भरवलं, मी धुतलं, पाणीही मीच घालते. तर पप्पा चिडले. म्हणाले, तुझा हक्क नाही. जी मातीलाही आली नाही तिचा हक्क, आणि माझा नाही."

"ती आली तर?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"येणार नाही. आली तर मी बस घेऊन सरळ त्या टोकाच्या टिरेल बेला जाईन आणि तिची बोट सुटेपर्यंत तिथेच बसेन. मला तिचं तोंड बघायचं नाही, मॅडम. ती तिकडेच बरी आहे."

लॉजपाशी तिने मला हात धरून उतरवलं. तिला कळलंय की नाही, दादा, मला सांगता येत नाही. ती एका पाहुणीला सांगत होती की मला सुनावत होती? रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. सुनावत असेल तर तिचा हक्क आहे. नुसतीच सांगत असेल तर त्याहून वाईट, कारण मग ते खरं आहे.

रविवारची बोट आहे. वाटतं, आजच जागा घ्यावी, आणि ती बोट सुटेपर्यंत दार लावून खोलीत बसावं. तूच घाल पाणी. मुलगा घालू शकत नाही का? पाद्रीबाबांना विचार.

लीन


शुक्रवार, १३ मार्च, सकाळ

दादा,

बोटीत जागा घेतली नाही. गोदीवर गेले होते, खिडकीपाशी उभीही राहिले. तिकीट देणारी म्हणाली, कुठली, रविवारची? मी म्हटलं, नको, राहू दे. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला आईच आठवली.

आता जे लिहिते ते तुलाही पूर्ण माहीत नाही.

मी गेले तेव्हा माझी जसिंटा सव्वादोन वर्षांची होती. तिचा बाप त्याआधीच त्रिनिदादला पळाला होता, त्याचं नाव आपण घरात घेत नाही. दोन वर्षांत तिला बोलावून घेते असं मी आईला सांगितलं होतं. म्हणताना ते खरंच होतं. मग डेस्मंड भेटला. पहिल्याच महिन्यात त्याने विचारलं, तुला मागे कोणी आहे का? मी म्हटलं, भाऊ आहे, आई आहे. एवढंच. तेव्हा वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. लग्न झालं, अँथनी झाला, तो पुढचा आठवडा आलाच नाही. आई दर नाताळला लिहायची, 'पोर विचारते'. मी लिहायचे, 'पुढच्या उन्हाळ्यात'. खोक्यांतून कपडे पाठवायचे, बूट पाठवायचे, नेहमी एक माप मोठे. तिचं माप मला कधी माहीतच नव्हतं.

आई गेल्याची तार आली तेव्हा हॉस्पिटलच्या नोकरीतून रजा मिळाली नाही असं मी तुला कळवलं. रजा मिळाली होती. तिकीटही होतं. मी मँचेस्टरच्या विमानतळावर दोन तास बाकावर बसले आणि बसने घरी परत आले. बेटावर आले असते तर अठरा वर्षांची मुलगी दारात उभी राहून मला बघणार होती. आईच्या मातीपेक्षा मला तिची भीती जास्त वाटली.

डेस्मंडला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला अडवायला कोणी नव्हतं. कारण संपलं तरी मी आले नाही. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, म्हणून एवढा वेळ मागे ठेवलं. अँथनीला मी निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "तिला माझ्याबद्दल माहितीये का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "म्हणजे फक्त मलाच नव्हतं."

तुमच्यावर मी राग धरून होते, हेही खरं. ती तुला पप्पा म्हणते असं आईने लिहिलं तेव्हा मी पत्र फाडलं होतं. तू आणि इस्मेने तिला वाढवलं, गाडी शिकवली, बोलायला शिकवलं, आणि मी इकडे बसून मनातल्या मनात तुमच्यावर चडफडत होते. इस्मेला सांग, माफ कर म्हणायला मी तोंडाने येईन, पत्रातून नाही.

पाण्याबद्दल ती म्हणाली ते बरोबर आहे. आईला शेवटचा घास ज्या हाताने भरवला त्या हाताचं पाणी आई घेईल. रीत मला माहीत आहे. रीत करणारीही आपलीच माणसं होती, आणि त्यांच्यात माझ्यासारखी थोरली मुलगी नसणार. तू तिच्यावर पुन्हा चिडू नकोस.

मी शनिवारी फाटकाबाहेर, पाहुणे उभे राहतात तिथे उभी राहीन. आत बोलावलं तर येईन. नाही बोलावलं तर दगड बसेपर्यंत तिथेच थांबेन आणि रविवारच्या बोटीने जाईन, कोणाकडेही कुरकूर न करता. फक्त एक, टिरेल बेला तिने जाऊ नये. तिच्या आजीचा दगड आहे. जायचंच असेल कोणाला तर मी जाते.

हे पत्र मिस ईना आणणार नाही. थोड्या वेळात बस लॉजच्या दाराशी लागेल, तेव्हा मी ते बस चालवणारीच्या हातात देणार आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. पप्पांना दे, पण आधी तू वाच, असं सांगणार आहे. तेव्हा दादा, हे तू वाचत असशील तर ती वाचून गेली आहे, आणि तरीही तिने ते तुझ्यापर्यंत आणलं आहे. यापुढचं तुझ्यासाठी नाही.

जसिंटा, लीड्स खोटं होतं. मी हडर्सफील्डची. तीन दिवस तुझ्या बसमध्ये बसले ते बेट बघायला नाही. तुला जे बोलायचं होतं ते तू परवा बोललीस, मी ऐकलं, आणि त्यातलं काही परत घेऊ नकोस. हे पत्र पप्पांना देणं तुझ्यावर बंधन नाही. वाटलं तर फाड. मी विचारणार नाही.

जी तुझी आई व्हायला हवी होती ती,
एथलीन