म्हशीच्या तोंडातला घास

प्रिय रामा,

तुझे फोन उचलले न्हाईत म्हणून डोक्यात राख घालून घेऊ नकोस. मायची तब्येत ठणठणीत हाय, हे आधी वाच, अन् मग बाकीचं. तिकडं पुण्यात तुझा जीव टांगणीला लागला असेल, ठाऊक हाय मला.

तुला आठवतं का, शाळेत गुरुजींनी रवंथ करणारे प्राणी लिहायला सांगितले होते? गाय, म्हैस, शेळी, उंट, अन् शेवटी तू लिहिलंस, आमची माय. दिवसभर तिच्या गालात पान असायचं ना. गुरुजींनी तुझा कान पिळला, अन् घरी मायला कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत बसली. ते मला पोळ्यापासून रोज आठवायलंय.

पोळ्याच्या आसपास आपल्या म्हशीनं रवंथ सोडला. कडबा पुढ्यात तसाच पडलेला. डॉक्टर सुई टोचून गेले, शेजारच्या भागवतनं काय काय पाजलं, पण काही फरक न्हाई. असं झालं की जुनी माणसं दुसऱ्या जनावराच्या तोंडातला घास काढून भरवतात, म्हणून मायनं भागवतच्या गाईचा घास भरवून पाहिला. म्हशीनं टाकून दिला. मग मायनं शिळ्या भाकरीचा तुकडा स्वतःच्या तोंडात घातला, लय वेळ चावला, अन् न गिळता म्हशीच्या गालात सारला. मला किळस आली. पण म्हशीचा जबडा हलायला लागला.

त्या दिवसापासून माय जेवेना. ताटावर बसायची, घास मोडायची, अन् पोट भरलंय म्हणून उठायची. वाळली मात्र अजिबात न्हाई. दुपारी म्हैस गोठ्यात बसली की माय ओसरीवर बसून रिकाम्या तोंडानं चावत राहायची, डावीकडून उजवीकडं. मी मधल्या दारात उभी राहून दोघींकडं पाहिलं, रामा. म्हशीच्या गळ्यातून गोळा वर चढला की मायचाबी गळा हलायचा. ती थांबली की हीबी थांबायची. भ्यायले मी. तोंड उघडायला लावून पाहिलं तर आत काहीच न्हाई, नुसता ओल्या चाऱ्याचा वास. तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, अक्काचं डोकं फिरलंय.

अन् तू मायला पुण्याला न्यायचं ठरवलंस, म्हैस विकायला त्या जीवन व्यापाऱ्याला टेम्पो घेऊन पाठवलंस. म्हैस गेली. टेम्पो पिंगळीच्या फाटकाशी पोचला असेल-नसेल, इकडं माय बसल्या जागी कलंडली, हातपाय गार. मी जीवनला फोन लावला तर तो म्हणाला, म्हैस टेम्पोत आडवी झालीय. त्याच्या हातापाया पडून परत आणवली. तरी म्हशीचा रवंथ काही सुरू होईना, अन् माय डोळे उघडेना. मला दुसरं काय सुचणार? सासर सुटलं तेव्हा सगळ्या गावानं नावं ठेवली, या एका बाईनं पोटाशी धरलं. मी आत जाऊन भाकरी घेतली.

माय आता दोन्ही वेळा पोटभर जेवायलीय. काल ठेचा मागितला, अन् मीठ कमी हाय म्हणून मला शिव्याबी दिल्या. तिला यातलं काही आठवत न्हाई, तू सांगूबी नकोस. खुशाल घेऊन जा तिला, नातवंडांत रमेल. पण जीवनला परत पाठवू नकोस. म्हैस जगेल तितके दिवस दावणीलाच राहू दे, अन् मी तिच्याजवळ. माझ्या जेवणाची काळजी करू नकोस, मला भूक लागत न्हाई. फोनवर बोलता येईना म्हणून हे लिहायला घेतलं. दुपारची वेळ हाय, म्हैस गोठ्यात बसलीय, अन् माझं तोंड काही थांबत न्हाई.

तुझीच,
सविताक्का