टेकूवरचा संशय

आई, घर हलतंय असं मी म्हणते, आणि कुणाला पटत नाही. इथे परदेशात, उइटहॉर्नच्या ओल्या सपाट जमिनीवर, खांब ठोकून उभं केलेलं घर आहे, हलायला काय झालं? सकाळी कप हातात घेतला की चहाला बारीक थरथर सुटते. नवरा म्हणतो, "अगं, डोक्यावरून विमानं जातात." लेक मान वर न काढता म्हणते, "मम्मा, इट्स नथिंग." आणि मग दोघं एकमेकांकडे बघतात. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं. त्यांची नजर घराच्या भिंतीवर नसते, माझ्या उजव्या हातावर असते. तुझ्या हाताचा कंप कसा सुरू झाला आणि पुढे कुठवर गेला, हे नवऱ्याला मीच सांगून बसले आहे ना! हाउसआर्ट्सची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ घेऊ का, असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, आधी घराची तपासणी, मग माझी.

म्हणून मी मागच्या शेडमध्ये भूकंपमापक करायला घेतला. झुइडासच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते, तेव्हा खोड आहेच. फाटकासारखी एक आडवी दांडी, टोकाला शिशाचं वजन, दुसरं टोक खांबाला टेकलेलं. जमीन हलली की खांब हलतो, वजन मागे राहतं, आणि लॅपटॉपवर रेघ वाकडी होते. पण सगळी मदार त्या टेकूवर. तिथे घर्षण असेल तर दांडी अडून बसते आणि यंत्र बिनदिक्कत सांगतं, काही झालं नाही. पहिल्यांदा जुन्या सायकलचं बेअरिंग लावलं. रेघ सरळ. मी म्हटलं, लबाड आहे, ग्रीसमध्ये चिकटतंय. मग टोकदार खिळा पितळेच्या पट्टीवर टेकवला, तर त्याने पितळेत स्वतःसाठी खड्डा करून घेतला आणि त्यातच रुतला. कटरच्या पात्याची धार टेकवली, तिचीही तीच तऱ्हा. टेकवायची ती दोन्ही टोकं सारखीच कडक हवीत, एक जरी मऊ निघालं तरी खरं बाहेर येत नाही.

हे मला तुझ्याकडूनच माहीत होतं. पाटणच्या बाजारात तू उभी आहेस, वाणी साखर जोखतोय, आणि तू म्हणतेस, "थांबा. पारडी रिकामी करा." काटा हलवून तू बघत राहतेस. हळूहळू विरत थांबला तर ठीक, मध्येच अडखळून थांबला तर टेकूची धार बोथट. वाणी हात जोडतो, "बाई, शाळा सुटली आता!" मागची माणसं हसतात आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं होतं. घरी येताना तू मलाच रागावतेस, "लाज कसली वाटते? आधी टेकूवर संशय घ्यायचा, मग जगावर."

आणि आपलं स्वयंपाकघर. तिकडे जमीन अधूनमधून हलायचीच, म्हणून ओट्यावरच्या फळीवर तू पेल्यांची उतरंड रचायचीस. धक्का बसला की पेले पडणार, आपण अंगणात पळणार. मग तुझी कपबशी वाजायला लागली. "हलली बघ जमीन," तू म्हणायचीस आणि फळीकडे बघायचीस. पेले जागच्या जागी. तू म्हणालीस, स्टीलचे आहेत, हलका धक्का कळत नाही यांना. त्यांच्या जागी रिकाम्या काडेपेट्या उभ्या केल्यास. त्या तर दार आपटलं तरी पडायच्या. पण तुझी बशी वाजायची तेव्हा एकही पडली नाही. मग एका सकाळी बघते तर काडेपेट्या गायब आणि फळीवर आजीचे जड पितळी पेले. मी विचारलं, अगं, हे कशाने पडणार? तू माझ्यावर खेकसलीस, "तुला काय करायचंय? अभ्यास कर." मला वाटलं, तुझं डोकं चालेनासं झालंय.

गेल्या आठवड्यात मी ड्रिलच्या दोन बिटांच्या गुळगुळीत दांड्या एकमेकींवर आडव्या टेकवल्या. कडक पोलादावर कडक पोलाद, घासणं नाही, नुसतं लोळणं. दांडी ओढून सोडली तर किती वेळ डोलत राहिली! आणि मग तिने सगळं दाखवलं. पलीकडच्या गल्लीत खांब ठोकतात, मला ऐकूही येत नाही, ते दिसलं. कचऱ्याची गाडी दिसली. लेक जिना उतरली तेही दिसलं. मग मी शेडमध्येच स्टूल टाकून चहा घेऊन बसले. कप थरथरला, चहा बशीत सांडला, आणि रेघ सरळ होती.

आई, भीती वाटते गं. नवऱ्याने जेवताना विचारलं, "काय म्हणतंय यंत्र?" मी म्हटलं, अजून नीट चालत नाहीये, टेकूचा घोळ आहे. ते खोटं नव्हतं. जेवायला बसायच्या आधी मी त्या पोलादी दांड्या काढून ठेवल्या होत्या, आणि सायकलचं बेअरिंग पुन्हा लावलं होतं.