खोतांच्या नातवाची लस

बोर्ली पंचतन, १२ जानेवारी १९३४

तीर्थरूप आईस, तुझ्या सोनूचा चौलच्या दिशेने तोंड करून दंडवत.

मी खुशाल आहे. इथल्या मुसलमान मोहल्ल्यातल्या सुगराबींनी पडवीत जागा दिली आहे आणि त्यांच्या विहिरीचं पाणी मला मोकळं आहे. त्या काळजीने जागत बसू नकोस. धाकट्या जनीचा खोकला थांबला का?

तू विचारलंस, महाराच्या हातून लोक पोरांना देवी काढून घेतात का. घेतात. पण माझी पाठ वळली की बाटलं म्हणून पोराला न्हाऊ घालतात, आणि लस धुऊन जाते. खोतांच्या नातवाच्या दंडावर आठ दिवसांनी पाहिलं, तर लस लागल्याचा एक फोड नाही.

खोत आमच्या लस टोचणाऱ्या खात्याच्या साहेबांकडे गेले आणि दुसरा माणूस मागू लागले. साहेब म्हणाले, "खात्यात आम्ही माणसं जातीप्रमाणे वाटत नाही. पुन्हा टोचायचं तर हाच टोचील." या साहेबांची बदली होणार अशी कुजबुज आहे. होईल तेव्हा बघू.

तेवढ्यात शेजारच्या गावात देवीची साथ आली. काल खोतांच्या सूनबाई बाळ घेऊन आल्या आणि "मला बघवत नाही, तुम्हीच धरा" म्हणत त्यांनी ते माझ्या मांडीवर दिलं. सुई टेकताच पोर माझ्या सदऱ्यावर मुतलं. खोत ओटीवरून बघत होते.

बाळाला कोणी न्हाऊ घातलं नाही. या खेपेस अंघोळ मला करावी लागली.

तुझा लेक,
सोनू