झुंबरच्या परसात कोणती माशी

शिरगाव,
४ जानेवारी २०२६

प्रिय दामूदादा,

झुंबरचा नमस्कार. तुम्ही, पारूवहिनी आणि हेमांगी डहाणूला बरे असाल. इकडे आम्ही दोघं ठीक. साखरबाईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तिचं चालू आहे. दोनदा फोन लावला, लागला नाही. तसं फोनवर मला जमलंही नसतं, म्हणून पत्र.

आधी एक माफी. तुमच्या आवारात मी न विचारता गेलो. झालं असं की आमचा शेवगा फुललाय आणि मी रोज सकाळी खुर्ची टाकून त्याच्याखाली बसतो. बारक्या काळसर माश्या येतात, अंगावर पट्टे. एक गोष्ट ध्यानात आली. पोट भरलं की सगळ्या एकाच दिशेला उडतात, तुमच्या कुंपणावरून, नारळाच्या डावीकडून. तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी राहवलं नाही, कुंपण ओलांडून मागोमाग गेलो. मागच्या पडवीत तुमची मासळीची जुनी लाकडी पेटी पालथी पडलीय ना, तिच्या फटीतून त्या आतबाहेर करत होत्या. कान लावला तर आत गुणगुण. सातेरी आहेत, दादा. तुमच्या बंद घरात आपणहून राहायला आल्यात.

मला पुन्हा माश्या पाळायच्या आहेत, पण कोणत्या ते ठरत नाही. इटालियन माशी मध भरपूर देते, स्वभावानंही शांत, पण तिला फुलांचा मोठा मुलूख लागतो. सातेरी इथलीच, मध थोडा, आणि काही बिनसलं तर पेटी सोडून निघून जाते. तिसरी पोयाची माशी, मुंगीएवढी. डंखच नाही, म्हणून साखरबाईचं मत तिला. "मला फुगलेला हात घेऊन भाकऱ्या थापायच्या नाहीत," म्हणते. पण तिचा मध वर्षाला वाटीभर, तोही आंबटसर.

तुम्ही इथं जन्मलात. मी बीडकडून कारखान्यात आलो, बत्तीस वर्षं बोईसरला यंत्रांत गेली. कोणत्या झाडावर कधी काय फुलतं ते तुम्हाला ठाऊक. काय ठेवू, सांगाल? आणि तुमच्या पेटीतल्या माश्यांना हात लावू का? तुमच्या परवानगीशिवाय लावणार नाही.

ऑगस्टचा विषय मी काढत नाही.

तुमचा शेजारी,
झुंबर


डहाणू,
१३ जानेवारी

झुंबरकाका,

नमस्कार. बाबा सांगतात तसं लिहिते आहे.

"तुमचं पत्र मिलालं. आमी बरे हाव. माशी सातेरीच ठेवा. ती आपल्या पावसातली हाय. लहानपनी आमी माडाच्या ढोलीतून तिचा मध काढायचो, अर्धाच काढायचा, अर्धा तिला. पावसात ती बाहेर पडत नाय, कमी खाते, गप ऱ्हाते. इटालियन माशीला आपला पाऊस काय म्हाईत? आमच्या पेटीत आल्या त्या तुमी न्या. आमाला त्या ठेवायचा हक नाय.

एक विचारायचं हाय. तुमच्या माश्या मेल्या तेवा पेटीच्या बाहेर किती पडल्या होत्या नि आत किती? त्या दिवशी बघायला यायला आमाला तोंड नव्हतं. आमी कारल्याच्या मांडवावर सांजचं फवारलं होतं, वारा पन नव्हता. तरी ते तुमच्याकडं कसं पोचलं, ते अजून कलत नाय. किती लांब जातं ते समजलं तर दुसऱ्या कुनाला सांगता येल."

काका, बाबा आता उठून अंगणात गेलेत. पुढचं माझं. ग्रामसभेत तुम्ही बोललात आणि बाबांनी सगळ्यांसमोर हात जोडले, त्यानंतर ते वाडीत उतरले नाहीत, घराला कुलूप लावून माझ्याकडे आले. इथं मी दोन वांग्याची रोपं लावायला सांगितली, तर म्हणाले, "माज्या हातानं पाच पेट्या जीव गेले." तुमच्यावर त्यांचा राग नाही. मला मात्र होता. आहे.

हेमांगी


शिरगाव,
२७ जानेवारी

दामूदादा,

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. माश्या बाहेर किती आणि आत किती, हे गावात एकानंही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी माझं ऐकलं आणि मान डोलावली. ज्याच्यावर आळ घेतला त्यानंच विचारलं, तेही दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून.

तर ऐका. बाहेर जेमतेम मूठभर. बाकी सगळ्या आत. पोळ्याच्या घराघरात डोकं खुपसून मेलेल्या, नुसत्या शेपट्या दिसत होत्या. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, हे खरं. मी मोबाईलवर फोटो काढला, तुमचा फवारणीचा पंप आठवला, आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत उभा राहिलो.

ऑक्टोबरात पालघरला मधमाशीपालनाच्या शिबिराला गेलो. तिथल्या शैलेश सरांना तो फोटो दाखवला. ते म्हणाले, "विषानं मेलेल्या माश्यांचा दाराशी ढीग लागतो. ह्या भुकेनं गेल्या. शेवटचा थेंब चाटायला आत शिरल्या आणि तिथंच राहिल्या. पावसात साखरेचा पाक दिला होता ना?"

मी "हो" म्हणालो.

दिला नव्हता. विकणाऱ्यानं कागदावर लिहून दिलं होतं, पावसाळाभर आठवड्यातून दोनदा पाक. मला वाटलं, माशीला माणसानं काय भरवायचं, ती तिचं बघेल. जुलैत तीन आठवडे गावी गेलो, तेव्हा साखरबाईलाही पाकाचं सांगून गेलो नाही. परत आलो तेव्हा पेट्या उचलून बघितल्या, हलक्या लागल्या. हलक्या का, असा प्रश्न मला पडला नाही. यंत्राचा आवाज जरा बदलला तर ओळखणारा माणूस मी.

म्हणजे ऑगस्टात चूक होती. ऑक्टोबरपासून मात्र लबाडी. तीन महिने मला माहीत होतं, आणि तुमच्या दाराला कुलूप बघत मी चहा पीत होतो. पहिलं पत्र लिहायला बसलो ते हेच सांगायला, आणि सांगितली शेवग्याची गोष्ट.

काल सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पुन्हा उभा राहिलो. सगळं सांगितलं, फोटो दाखवला. बाजूला बसलेला कुंदन म्हणाला, "काका, मिटलेलं कशाला उकरता?" मी म्हटलं, माझ्यापुरतं मिटलं होतं, दादांचं नाही. मागून मंगळी आजी ओरडली, "त्याला हात जोडाया लावलंस ना? मग आता तू जोड!" मी जोडले. पुढचा विषय पाणीपट्टीचा होता, तो सुरू झाला. माझा चहा तसाच राहिला. साखरबाई माझ्याआधी उठून घरी गेली होती. तिलाही तिथंच कळलं. आज दुपारपर्यंत माझ्याशी बोललेली नाही.

तुमच्या हातानं एकही माशी मेली नाही, दादा. हेमांगीला हे वाचून दाखवायला सांगा, मोठ्यानं.

माशीचं मी ठरवलंय. सातेरी. तुम्ही सांगितलंत म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी. माझ्या पाच पेट्यांतली इटालियन माशी उपाशी राहिली तरी पेटीतच बसून मेली. सातेरी निघून जाईल, आणि माझं चुकलं हे मला त्याच दिवशी कळेल. पण तुमच्या पडवीतल्या त्या माश्या तुमच्या आहेत. हक्क नाही असं पुन्हा लिहू नका.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही.

झुंबर


डहाणू,
५ फेब्रुवारी

झुंबरभाऊ,

हे आमी सोता लिवतो. अक्शर वाईट हाय.

हेमांगीनं पत्र दोनदा वाचलं. पारू रडली. आमी पन. मग मला राग आला, खूप. पाच महिने आमी रोज ती फवारनी आठवत होतो, वारा किती, येल काय. एवडं सगलं तुमी खिशात ठेवलंत. गावाला सांगितलंत ते बरं केलंत. पन गावाच्या आधी आमाला सांगायचं होतं.

राग जायला येल लागंल. किती ते म्हाईत नाय.

माश्या रिकाम्या पेटीत कशा उतरवायच्या, ते त्या सरांना नीट विचारून ठेवा. रानी कशी वलखायची ते पन. आमी कधी बघितली नाय, मला बघायची हाय. शनवारी येतो. पारू पन येते, तिला वाडी झाडायची हाय. साखरवैनीला सांगा, जेवन आमच्याकडं. तुमाला बोलवत नाय. माश्यांचं काम झालं की बघू.

अजून रागात हाय, तरी येनारा,
दामू