तिसरी पट्टी

लिस्बन बंदर, जानेवारी १९०९

प्रिय विनिफ्रेड,

घटना क्रमाने सांगतो. मी जहाजावरचा दुय्यम अधिकारी. माझ्या बाहीवर दोनच सोनेरी पट्ट्या हव्यात. तू दिलेला नवा कोट काढला, तर तिसरीही शिवलेली. तिसरी पट्टी मुख्य अधिकाऱ्याची, म्हणजे पास्को यांची. ते हसले, "काय हो, वहिनींनी आमचं मरण आधीच शिवून ठेवलं की काय?" मी पट्टी तत्काळ उसवली. दुसऱ्या दिवशी वादळात लाटेने त्यांना ओढून नेले.

आता ते पद माझे आहे. कप्तान म्हणतात, पट्टी पुन्हा शिवा. खलाशी माझ्या बाहीकडे पाहून बाजूला सरतात.

प्रकृती उत्तम, झोप तेवढी लागत नाही. आपल्या छोट्या आर्थरचा खोकला थांबला का?

टाके तुझेच होते, अत्यंत सुबक. ती चूक होती की माझ्या बढतीची घाई, हे मला लेखी कळव.

तुझाच,
अँब्रोज