सोमारीबाईची पेटी

३ सप्टेंबर

माळ्यावर पेटी सापडली. टिनाची, लहान. पुराचा गाळ काढून झाला म्हणून आज वर चढले, तर तुराट्यांमागे लपवलेली! आत गळ्यातली चांदीची हसळी, जुनी, झिजलेली. चार फोटो. एकात शाळेच्या गणवेशातला मुलगा.

हे म्हणाले, "पुरात वाहून आली. झाडाले अडकून होती."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"कोनाची हाय, कोनाले मालूम?"

फोटो कोरडे. एकाही कडेला पाण्याचा डाग नाही. महिन्याभरापूर्वी ज्यांनी आपल्या डोंग्यानं पंधरा माणसं पुरातून काढली, त्यांना काय विचारू?

५ सप्टेंबर

माझ्या अंगणवाडीतल्या मदतनीस कलाबाईला फोटो दाखवला. "हा तं नदीपलीकडच्या सोमारीबाईचा पोचू, लहानपनचा! दोन वर्सं झाले, साप चावून गेला."

आईला मुलाचा फोटो द्यायचा. बस, एवढंच.

८ सप्टेंबर

पेटी पिशवीत घालून गेले. तशीच परत आणली.

सोमारीबाईचं घर चढावर. चहूकडून पाणी म्हणून टोल्यावरची सारी वस्ती हलवली होती, पण घरात थेंब शिरला नव्हता. मग पेटी वाहून कशी येईल?

पोरांची वजनं घ्यायला आले, असं खोटंच सांगितलं. तिनंच विषय काढला. पोचूची बायको बुधरी लेकीला घेऊन शेवटच्या डोंग्यानं निघाली. सारे परत आले तर पेटी नाही. "माह्या सासूची हसळी होती, बाई. अन् पोचूचा एकच फोटो." थोरल्या लेकानं, इसरूनं, बुधरीला चोर ठरवून हाकललं. तीन वर्षांची लेक घेऊन ती भावाच्या दारात पडली आहे.

९ सप्टेंबर

यांना विचारलं. आधी नाही नाही म्हणाले. मग— "सारे निघाले होते. घर उघडं होतं. हात गेला." मग ओरडले, "पंधरा जनाले काढलं मी! तुले एक डब्बाच दिसते?" मग भिंतीकडे तोंड करून रडले.

पुढच्या आठवड्यात पंचायतीत यांचा सत्कार. आमची दिव्यानी शाळेत सांगत फिरते, माझ्या बाबाचा सत्कार आहे! मी कुठं तोंड लपवू?

११ सप्टेंबर

पेटी दिली. मला नदीकाठी झुडपात सापडली, असं सांगितलं. सोमारीबाईनं पोचूचा फोटो डोळ्यांना लावला. माझा हात सोडेना.

तेवढ्यात इसरू म्हणाला, "म्हंजे तिनं नदीत फेकली! चोरी केली ते केली, वरून फेकली!"

मी खरं न सांगताच पळून आले. काय करून बसले मी!

१२ सप्टेंबर

यांच्याशी बोलणं बंद.

१३ सप्टेंबर

बुधरीच्या भावाचं गाव गाठलं. धानाच्या बांधीत निंदत होती, लेक कडेच्या धुऱ्यावर बसलेली. मी पाय धरायला वाकले तर मागे सरकली.

"मले मालूम हाय, बाई. डोंग्यात त्याइच्या पायाखाली पेटी होती. मी पाह्यली."

"मंग बोलली काऊन नाई?"

"चढताना माही पोरगी पान्यात पडली. त्याइनं उडी मारून काढली. कसं बोलू?"

धुऱ्यावर बसून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं! माझ्या!

१४ सप्टेंबर

आज इसरूच्या अंगणात, साऱ्या टोल्यासमोर, बुधरीला बोलावून शेजारी उभी करून यांचं नाव घेतलं. माझ्या नवऱ्यानं, मुखरूनं चोरली, असं मी म्हणाले.

कुठं चालले, काय बोलणार, ते यांना नदी ओलांडतानाच सांगितलं होतं. वल्हं यांच्याच हातात होतं. डोंगा परत फिरवला नाही. आणि नाव घेऊन मी मागे वळले, तर हे काठावरून चढून येऊन माझ्या मागे उभे होते.