रणबिजलीचा पहिला बोलपट

१२ जानेवारी १९३१

आज हनीफने घोड्यावरून नदीत उडी मारली. बयाबाईंचं लुगडं नेसून! वर आला, नाकातलं पाणी शिंकरलं आणि विचारतो काय — "मास्तर, पदर बराबर उडला ना?" जिवाचं नाही, पदराचं! मी म्हटलं, पदर उडाला, मिशी दिसली नाही, आणखी काय पाहिजे?

जाहिरातीत छापायचं — 'मिस रणबिजलीची जिवावरची उडी'. आमच्या मिस रणबिजली, म्हणजे बयाबाई, तेव्हा सावलीत पेरू खात होत्या. त्यांना ओटा उतरायलाही कुणाला तरी हात द्यावा लागतो. पण पडद्यावर चेहरा आला की पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतात. चेहरा बाईंचा, हाडं हनीफची आणि तोंड माझं — रणबिजली फिल्म कंपनी चालते ती अशी.

हो, तोंड! चित्र मुकं असलं म्हणून मी मुका नाही. कॅमेऱ्याची मूठ फिरायला लागली की मी सुरू. "हाण! वळ! पड, पड की लेका!" आणि उडीला — "मार!" हनीफ खाली बघतसुद्धा नाही. माझा 'मार' आला की निघाला. मालेगावला मागावर कापड विणायचा पूर्वी. म्हणतो, "त्या खडखडाटात हाक ऐकायची सवय हाय, मास्तर. तुमचा आवाज तर मेल्यावर पण ऐकू येईल."

३ मे १९३१

लासलगावला तंबू फाटला. गर्दीने! चांदवडला खेळ दोनदा लावावा लागला. खलीलशेठ विड्यांचा कारखाना भावावर टाकून दिवसभर स्टुडिओत खुर्ची टाकून बसतात. पैसा त्यांचा, त्यामुळे सल्लाही त्यांचाच. "मास्तर, घोडे वाढवा. गोष्ट कमी करा." गोष्ट होती कधी?

स्टुडिओ म्हणजे पत्र्याची शेड आणि मागे तबेला. पाटी मात्र शेडपेक्षा लांब. मी ड्रॉइंग मास्तरकी सोडली तेव्हा ही दोन दिवस रडली होती. आज म्हणाली, "उगीच रडले मेली."

१९ ऑगस्ट १९३१

मुंबईत चित्रं बोलायला लागली म्हणे. चार दिवसांचं खूळ!

२७ नोव्हेंबर १९३२

खूळ राहिलं, आम्हीच चाललो. काल सायखेड्याला आमच्या मारामारीत मागून एकजण ओरडला, "मुके हायेत का रे समदे?" अख्खा तंबू हसला. मेल्यांनो, याच मारामारीवर दीड वर्षापूर्वी टोप्या उडवल्या होत्यात!

खलीलशेठांनी ठरवलं — आपणही बोलायचं. मुंबईहून आवाजाचं मशीन भाड्याने आणायचं. कारखान्याची जागा गहाण टाकली त्यांनी. "हे पिक्चर चाललं तर कंपनी, नाही तर पुन्हा विड्या." बयाबाईंनी 'खबरदार!' म्हणून दाखवलं. भाजीवालीशी घासाघीस केल्यासारखं वाटलं, पण मी वा वा म्हटलं.

९ फेब्रुवारी १९३३

मशीन आलं. बरोबर मशीनवाला. त्याचा पहिला नियम — चित्रीकरण चालू असताना कुणी बोलायचं नाही. म्हणताना सगळे माझ्याकडे बघत होते, निर्लज्ज! त्याच्या कानाला लावायच्या यंत्राची वायर वाटेत तुटली. आता काटा हलला की आवाज आला असं धरायचं.

उडीचं काय? अक्कल मीच लढवली. हनीफच्या पायाच्या अंगठ्याला दोरी, सरकगाठीची. दुसरं टोक माझ्या हातात. मी ओढली की त्याने उडायचं. खलीलशेठ खूश. हनीफ म्हणाला, "दोरीचं काय, मास्तर... तुमचा आवाज असला म्हणजे बरं वाटतं." वेडा आहे.

१३ फेब्रुवारी १९३३

चार दिवस चित्रीकरण, माझ्या तोंडून एक अक्षर नाही! मशीनवालासुद्धा म्हणाला, मानलं तुम्हाला. ही म्हणते, तिकडचं सगळं घरी येऊन बोलता.

१५ फेब्रुवारी १९३३

रामशेज किल्ल्याच्या पायथ्याच्या कातळावरून खालच्या कडब्याच्या गाडीत उडी होती. गाडीवान पुंजाची गाडी, बैलांना घुंगरं. मागून डाकूंच्या आरोळ्या. वरून हनीफला गाडी दिसत नव्हती, म्हणून तर दोरी. गाडी अजून वळणावर होती आणि हा उडाला! सरळ दगडांवर.

उजवा पाय गुडघ्यापासून गेला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "तुम्ही आवाज दिला ना, मास्तर. मार म्हणले." मी कसा म्हणेन? दोरी माझ्या मुठीत होती. ढिली! खलीलशेठांनी स्वतः बघितली.

पोर जगू दे. बाकी काही नको.

२२ फेब्रुवारी १९३३

खलीलशेठांनी सगळ्यांना बसवून विचारलं, चूक कुणाची? आरोळ्यांच्या कल्लोळात बाकी कुणी काही ऐकलेलं नाही. मी खरं तेच सांगितलं — दोरी ओढली नव्हती, तो आधीच उडाला. हनीफची आई खातूनबी दारात उभी होती. "माझा पोरगा झूट नाही बोलत, मास्तर." म्हटलं, झूट नाही हो, भास झाला त्याला. खलीलशेठ म्हणाले, स्वतःच्या चुकीने पडला, कंपनी काय करणार? खातूनबी पाठ फिरवून निघून गेली.

मला जेवण गेलं नाही. पण खोटं कसं सांगू?

६ मार्च १९३३

हनीफला भेटून आलो. मालेगावला परत जातोय. एका पायाने माग चालणार नाही, सुताच्या बॉबिनी भरायला बसेल म्हणतो. म्हणाला, "माझेच कान वाजले असतील, मास्तर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मलाच समजावतो! रागही आला आणि रडूही. मोठ्या मनाने म्हटलं — जाऊ दे हनीफ, मी तुला माफ केलं.

२० मार्च १९३३

घोडे गेले. बयाबाई मुंबईच्या कंपनीत गेल्या. पाटीवर खलीलशेठांनी विड्या वाळत घातल्यात. शेवटची आशा हे चित्र. फिल्म मुंबईला धुवायला गेली आहे. तुकडे जोडायला मी जाणार.

२ एप्रिल १९३३, मुंबई

उडीचं रीळ लावलं. घुंगरं, आरोळ्या, आणि त्या सगळ्यांवर स्वच्छ — "मार!" मग हनीफ हवेत. गाडीचा पत्ता नाही.

लॅबवाला म्हणाला, "काय खणखणीत आवाज आहे हो! कुणाचा?"